हातातल्या खेळयंत्रासाठी लोकांचा पैसा: कधी मागावा, कधी द्यावा

मोजक्या शौकिनांसाठी खिशात मावणारं गेमिंग यंत्र बनवायचं आहे. डिझाइन तयार आहे, एक चालता नमुनाही टेबलावर आहे, पण कारखान्याला द्यायला पैसे नाहीत. अशा माणसाला गेली पंधरा-सोळा वर्षं एक सल्ला हमखास मिळतो: लोकांकडून आगाऊ पैसे घे. किकस्टार्टर किंवा इंडीगोगोवर मोहीम लाव, व्हिडिओ टाक, ज्यांना यंत्र हवंय ते पैसे भरतील आणि त्या पैशात माल बनव. या वाटेने आलेली काही यंत्रं आज जगभरच्या शौकिनांच्या खिशात आहेत. याच वाटेवर लाखो पौंड आणि युरो बुडालेही आहेत.

प्रश्नाला दोन बाजू आहेत. बनवणाऱ्याने मोहीम लावावी का, आणि शौकिनाने तिच्यात पैसे घालावेत का? दोघांच्या चिंता वेगळ्या असल्या, तरी जुनी प्रकरणं एकेक करून तपासली की दोघांनी विचारायचा प्रश्न सारखाच निघतो: जमलेला पैसा कोणत्या कामावर खर्च होणार आहे? माल बनवण्यावर, की माल कसा बनवायचा हे शोधण्यावर? पहिल्या कामाला लोकांचा पैसा उपयोगी पडतो. दुसऱ्या कामात तो जिरून जातो.

बाजार छोटा, खर्च मोठा

निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ साली आला. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त नग विकले गेले. एवढ्या नगांवर मोल्डचा, डिझाइनचा आणि चाचण्यांचा खर्च वाटला की एका नगाच्या वाट्याला तो जवळपास येतच नाही. मोजक्यांसाठीच्या यंत्राचे नग हजारांत असतात. प्लॅस्टिकच्या खोक्याचा मोल्ड मात्र हजार नगांनाही तोच लागतो आणि लाखालाही तोच. स्क्रीन पुरवणारा कारखाना ठरावीक नगांखाली ऑर्डर घेत नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत हजार नगांचं गिऱ्हाईक सर्वांत शेवटी असतं. या धंद्यातली खरी अडचण हीच आहे, आणि आगाऊ पैसे मागण्याची कल्पना तिच्यातूनच जन्मली.

या कल्पनेची सुरुवात किकस्टार्टरच्याही आधीची आहे. दक्षिण कोरियाच्या गेम पार्क कंपनीने २००१ साली जीपी३२ हे यंत्र काढलं. त्यावर कुणीही स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवू शकत होतं. पुढे गेमपार्क होल्डिंग्जने २००५ साली लिनक्सवर चालणारं जीपी२एक्स आणलं. विक्री माफक होती, पण युरोपात या यंत्रांभोवती प्रोग्रामरांचा एक कडवा गट उभा राहिला. जुन्या संगणकांचे आणि कन्सोलचे इम्युलेटर लिहिणारे, स्वतःचे छोटे खेळ करणारे असे हे लोक. कंपनीने पुढचं यंत्र आपल्या मनासारखं केलं नाही, तर आपणच का करू नये, असं त्यांना वाटू लागलं. त्यातून पँडोरा आलं.

पँडोरा आणि पायरा: प्रामाणिक माणसांचा उशीर

पँडोराचं आगाऊ बुकिंग ३० सप्टेंबर २००८ रोजी उघडलं. किकस्टार्टर सुरू व्हायला अजून सहा-सात महिने होते. पहिल्या बॅचमध्ये ४,००० नग काढायचे ठरलं होतं. यंत्र पुस्तकासारखं उघडायचं. आत ४.३ इंची टचस्क्रीन, पूर्ण अक्षरांचा छोटा कीबोर्ड, दोन ॲनालॉग गोळे आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ओमॅप प्रोसेसर. त्या काळात खिशात मावणारा असा संगणक दुसरा नव्हता. डिलिव्हरी काही आठवड्यांत होणार असं लोक धरून चालले होते. पहिले नग घरी पोचले ते मे २०१० मध्ये.

मधल्या काळात झालं काय? यात फसवणूक नव्हती. बिजागरी असलेलं खोकं, त्यातून जाणारी लवचीक केबल, वारंवार उघडमीट होणारे दोन भाग, हे सगळं मोठ्या कंपन्यांनाही सहज जमत नाही. मोल्डमधून निघालेले तुकडे नीट बसेनात, ॲनालॉग गोळ्यांच्या तक्रारी आल्या, सर्किट बोर्डांच्या उत्पादनात रिजेक्शनचं प्रमाण वाढलं. बोर्ड आधी अमेरिकेत टेक्सासमध्ये बनत होते. पुढे ते काम जर्मनीत हलवावं लागलं. पहिल्या बॅचच्या लोकांना यंत्र मिळालं, पण नंतर पैसे भरलेल्या काहींना अनेक वर्षं वाट पाहावी लागली. यंत्र जमेपर्यंत पैसा दुरुस्त्यांमध्ये संपत गेला.

या गटाने धीर सोडला नाही. जर्मनीतल्या मिखाएल म्रोझेक यांनी पुढचं यंत्र हाती घेतलं. ड्रॅगनबॉक्स पायराचं बुकिंग मे २०१६ मध्ये उघडलं आणि तयार यंत्रं गिऱ्हाइकांकडे जायला २०२० सालाची अखेर उजाडली. त्यात वापरलेला ओमॅप ५ प्रोसेसर ज्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, त्या कंपनीने मोबाइल प्रोसेसरच्या धंद्यातून माघार घेण्याचं २०१२ सालीच जाहीर केलं होतं. म्हणजे डिझाइन पुरं होईपर्यंत यंत्राचं हृदय म्हातारं झालं होतं. छोट्या यंत्राच्या बाबतीत उशीर इतका महाग का पडतो, ते इथे कळतं. दोन वर्षं उशिरा आलेलं पुस्तक वाचता येतं. पाच वर्षं उशिरा आलेलं यंत्र मात्र जुन्या चिपवर, जुन्या किमतीत आणि नव्या स्पर्धेत उतरतं.

किकस्टार्टरने काय बदललं

इंडीगोगो २००८ साली आणि किकस्टार्टर एप्रिल २००९ मध्ये सुरू झालं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पैसे भरणाऱ्याला, म्हणजे बॅकरला, एका क्लिकमध्ये आत घेतलं. आणि बनवणाऱ्याला पैसे देण्याआधी मागणीची परीक्षा घेतली. किकस्टार्टरवर ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाच्याही कार्डावरून पैसे कापले जात नाहीत. इंडीगोगोवर, जेवढे जमतील तेवढे उचलण्याचीही सोय बनवणाऱ्याला मिळाली.

२०१२ सालच्या जुलैमध्ये ऊया नावाच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलने सुमारे ८६ लाख डॉलर आणि ६३ हजारांहून जास्त बॅकर जमवले. आकडा डोळे दिपवणारा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किकस्टार्टरने ‘आम्ही दुकान नाही’ असं सांगत हार्डवेअरचे नियम कडक केले: संगणकावर काढलेली चकचकीत चित्रं चालणार नाहीत, प्रत्यक्ष नमुना दाखवा. ऊयाची डिलिव्हरी २०१३ मध्ये झाली, २०१५ मध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर आणि माणसं रेझर या कंपनीने घेतली आणि २५ जून २०१९ रोजी त्याची सेवा बंद पडली. यंत्र पोचलं, पण ज्या दुकानातून खेळ उतरवायचे ते दुकानच मिटलं. हा धडा हातातल्या यंत्रांनाही लागू आहे. यंत्र पोचणं म्हणजे निम्मं काम. त्यावर खेळायला खेळ असणं आणि पुढेही येत राहणं हे उरलेलं निम्मं.

एकूण धोका किती, याचं एक मोजमाप आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमधले ईथन मॉलिक यांनी २०१५ साली किकस्टार्टरच्या बॅकरांची मोठी पाहणी केली. सुमारे ९ टक्के यशस्वी मोहिमांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही, असं तीत आढळलं. त्याआधीच्या, डिझाइन आणि तंत्रज्ञानाच्या मोहिमांवरच्या अभ्यासात त्यांना तीन चतुर्थांशांहून अधिक मोहिमा सांगितलेल्या तारखेच्या मागे पडलेल्या दिसल्या होत्या. बुडण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास, उशीर मात्र जवळपास ठरलेला. लक्षात ठेवायचं ते इतकंच की ९ टक्क्यांत चित्रपट, पुस्तकं, पत्ते सगळंच धरलेलं आहे. बॅटरी, स्क्रीन आणि बिजागरी असलेलं यंत्र या सरासरीच्या अवघड टोकाला बसतं.

चार मोहिमा, चार निकाल

पहिली मोहीम आर्डुबॉयची. केव्हिन बेट्स यांनी २०१४ साली स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड म्हणून एक पातळ सर्किट बोर्ड केला. त्यावर छोटा पडदा होता आणि खेळ चालायचा. लोकांना तो आवडला. मे २०१५ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर २५,००० डॉलर मागितले आणि सात हजारांहून जास्त लोकांनी ४ लाख ३३ हजार दिले. यंत्र क्रेडिट कार्डाएवढं, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा, ३२ किलोबाइट मेमरी. चिप एटीमेगा३२यू४, म्हणजे आर्डुइनोवर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीची, बाजारात सहज मिळणारी. शोधायचं फारसं काही उरलंच नव्हतं. पैसा गेला तो नग काढण्यात. खेळ लिहिण्यासाठी आर्डुइनोचं फुकट सॉफ्टवेअर आधीच होतं; त्यामुळे वापरणाऱ्यांनीच शेकडो खेळ लिहिले.

दुसरी झेडएक्स स्पेक्ट्रम व्हेगा प्लसची. १९८२ सालचा सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम हा ब्रिटनच्या एका पिढीचा पहिला संगणक. त्याचे खेळ हातातल्या यंत्रावर आणण्यासाठी रेट्रो कॉम्प्युटर्स लिमिटेडने २०१६ साली इंडीगोगोवर मोहीम लावली. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचं नाव पाठीशी होतं आणि याच कंपनीचं टीव्हीला जोडायचं व्हेगा यंत्र आधीच्या वर्षी लोकांच्या हाती पडलं होतं. पाच लाखांहून अधिक पौंड जमले. हजार खेळ मिळणार होते आणि डिलिव्हरीची तारीख होती सप्टेंबर २०१६. संचालकांत फूट पडली, कोर्टकचेऱ्या झाल्या, तारखा सरकत राहिल्या. २०१८ मध्ये इंडीगोगोनेच पैसे परत मागण्याची तंबी दिली. त्या उन्हाळ्यात काही शेकडे यंत्रं लोकांकडे पोचली, त्यांत कबूल केलेले हजार खेळ नव्हतेच. स्पेक्ट्रम नावाचे हक्क स्काय कंपनीकडे होते; तिने परवानगी काढून घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. इथे तंत्रज्ञान फारसं अवघड नव्हतं. जुन्या आठ बिटी संगणकाची नक्कल कुठलीही स्वस्त चिप करते. अडलं ते हक्क आणि माणसं या दोन ठिकाणी. दुसऱ्याच्या नावावर आणि दुसऱ्याच्या खेळांवर उभ्या असलेल्या यंत्राची निम्मी मालमत्ता कागदावर असते, हे पैसे भरणाऱ्याने पाहिलं नाही आणि बनवणाऱ्याने सांभाळलं नाही.

तिसरी स्मॅक झेडची. पीसीवरचे खेळ हातात घेऊन खेळायचे, हे स्वप्न या स्पॅनिश गटाने २०१४ साली स्टीमबॉय या नावाने मांडलं. पहिली मोहीम मागे घेऊन दुसरी त्यांनी २०१६ मध्ये लावली आणि ४ लाख ७४ हजार युरो जमवले. आधी ठरलेली एएमडीची चिप मागे पडली, म्हणून नवी रायझेन चिप घ्यायचं ठरलं. चिप बदलली की बोर्ड बदलतो, उष्णता बदलते, पंखा बदलतो, खोकं बदलतं. प्रदर्शनांत नमुने दिसत राहिले, बॅकरांना यंत्र काही मिळालं नाही आणि शेवटी कंपनी दिवाळखोरीत निघाली. पीसीची ताकद हातात मावेल अशी थंड ठेवणं हे खरं संशोधनाचं काम आहे. त्याला साडेचार-पावणेपाच लाख युरो म्हणजे सुरुवातीची वर्गणी. पुढे व्हॉल्व्ह या बड्या गेम कंपनीने जुलै २०२१ मध्ये ३९९ डॉलरला स्टीम डेक हे असंच हातातलं यंत्र जाहीर केलं, आरक्षणासाठी फक्त ५ डॉलर घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते द्यायला सुरुवात केली. स्वप्न बरोबर होतं; ते पुरं करायला व्हॉल्व्हची तिजोरी लागली.

चौथी जीपीडीची. शेंझेनच्या या कंपनीने २०१६ साली इंडीगोगोवरून जीपीडी विन हे विंडोज चालवणारं हातातलं यंत्र विकलं आणि त्याच वर्षी पोचवलं. पुढे विन २, विन मॅक्स, विन ३ अशी यंत्रं त्याच पद्धतीने येत राहिली. जीपीडीला लोकांकडून संशोधनाचे पैसे नको होते. कारखाना ओळखीचा, डिझाइन तयार; आगाऊ पैशाने पहिल्या बॅचची ऑर्डर भरायची आणि जाहिरातही व्हायची. टीकाकार याला क्राउडफंडिंगचा मुखवटा घातलेलं दुकान म्हणतात. म्हणोत बापडे. पैसे भरणाऱ्याच्या दृष्टीने या वाटेचा सुरक्षित वापर हाच आहे.

चारही प्रकरणं शेजारी ठेवली की रेषा स्पष्ट दिसते. आर्डुबॉय आणि जीपीडीने तयार गोष्टीचे नग काढले. स्मॅक झेडने न सुटलेला प्रश्न लोकांच्या पैशावर सोडवायला घेतला. व्हेगा प्लसने न मिटलेली भांडणं आणि पक्के नसलेले हक्क लोकांच्या पैशावर सोडले.

हिशेब मांडून पाहू

तोंडी बोलण्यापेक्षा कागदावर आकडे मांडलेले बरे. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण धंद्यातल्या माणसाला ओळखीचे वाटतील असे. यंत्राची किंमत १५० डॉलर. संकेतस्थळाची फी ५ टक्के आणि कार्डाचं शुल्क धरून साधारण ९ टक्के कापले जातात. मोल्डला २५,००० डॉलर, विद्युतचुंबकीय उत्सर्जन आणि सुरक्षेच्या चाचण्या व प्रमाणपत्रांना १५,०००. हे ४०,००० नग कितीही असले तरी लागणार. सुटे भाग आणि जुळणी ५०० नगांना ८५ डॉलर, हजारांना ८०, तीन हजारांना ७५. पाठवणी नगामागे १२.

पाचशे नग विकले तर हातात येतात ६८,२५० डॉलर आणि खर्च होतो ८८,५००. तूट २०,२५०. हजार नगांना येतात १,३६,५००, खर्च १,३२,०००; उरतात ४,५००. शंभरात पाच नग बिघडलेले निघाले आणि बदलून द्यावे लागले, तर त्यांनाच ४,६०० लागतात. म्हणजे हजार नग विकूनही इंजिनिअरच्या पगाराला, स्वतःच्या घरभाड्याला एक पैसा नाही. तीन हजारांना येतात ४,०९,५००, खर्च ३,०१,०००, उरतात १,०८,५००. इथे कुठे धंदा सुरू होतो.

यातून निघणारी गोष्ट बनवणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी: लवकर गाठलं जावं म्हणून उद्दिष्ट कमी ठेवणं हा स्वतःसाठी खणलेला खड्डा आहे. पाचशे नगांचं उद्दिष्ट ठेवलं आणि नेमके तेवढेच विकले, तर मोहीम यशस्वी ठरते, पैसे खात्यात येतात आणि त्याच क्षणी वीस हजारांचं कर्ज डोक्यावर बसतं. सगळं नाहीतर काहीच नाही हा किकस्टार्टरचा नियम बनवणाऱ्याचं संरक्षण करतो, पण उद्दिष्ट खरं लिहिलं असेल तरच. तसंच वाढीव उद्दिष्टांचं. इतके पैसे जमले तर रंगीत पडदा देऊ, तितके जमले तर ब्लूटूथ देऊ, अशी आश्वासनं दिली की मिटलेलं डिझाइन पुन्हा उघडतं आणि बोर्डापासून चाचण्यांपर्यंत सगळं नव्याने करावं लागतं.

वेगळ्या वाटा

वाट एकच नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडची पॅनिक ही सॉफ्टवेअर कंपनी. तिने २०१९ साली प्लेडेट जाहीर केलं: पिवळं चौकोनी यंत्र, काळा-पांढरा पडदा, बाजूला फिरवायची कडी. तोवरचं काम कंपनीने स्वतःच्या कमाईतून केलं होतं. बुकिंग उघडलं जुलै २०२१ मध्ये, किंमत १७९ डॉलर, आणि पहिले २०,००० नग वीस मिनिटांत गेले.

त्यानंतर जे झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. पहिली ५,००० यंत्रं बनून गोदामात आली होती. तपासणीत काही यंत्रांच्या बॅटऱ्या इतक्या उतरलेल्या निघाल्या की यंत्र चालूच होईना. पॅनिकने सगळी यंत्रं मलेशियातल्या कारखान्यात परत पाठवली, बॅटरीचा पुरवठादार बदलला आणि प्रत्येक यंत्राची बॅटरी बदलून घेतली. तेवढ्यात प्रोसेसरचा तुटवडा आला. पुढच्या नगांसाठी ऑर्डर द्यायला गेले तर मुदत सांगण्यात आली ७३० दिवसांची. मग वेगळा प्रोसेसर बसेल असा बोर्ड पुन्हा आखला. यंत्रं एप्रिल २०२२ मध्ये जायला लागली. पाच हजार यंत्रं परत पाठवण्याचा आणि बोर्ड पुन्हा आखण्याचा खर्च वर मांडलेल्या हिशेबात कुठे बसवायचा? बसतच नाही. लोकांच्या पैशावर चाललेली छोटी कंपनी यातल्या एकाच धक्क्याने आडवी झाली असती. पॅनिकचा सॉफ्टवेअरचा धंदा चालू होता, म्हणून ती उभी राहिली.

दुसरी वाट छोट्यातून छोटं करण्याची. ओहायोतल्या ॲक्रनच्या टायनीसर्किट्सने २०२१ मध्ये किकस्टार्टरवर थंबी आणलं: किल्लीच्या जुडग्याला लावायचं, अंगठ्याच्या पेराएवढं यंत्र. रास्पबेरी पायची आरपी२०४० चिप आणि मायक्रोपायथॉन. कंपनी छोटे सर्किट बोर्ड बनवण्यातच मुरलेली होती, त्यामुळे मोहिमेत शिकण्यासारखं कमी आणि काढण्यासारखं जास्त होतं. तिसरी वाट म्हणजे शंभर-दोनशे नग हाताने जुळवून विकायचे, खोकं थ्रीडी प्रिंटरवर काढायचं आणि मोल्डच्या नादी लागायचंच नाही. पैसा कमी मिळतो, पण झोप चांगली लागते.

आज वारं कुठल्या दिशेने आहे

२०१५ सालची हवा आज राहिलेली नाही. जुने खेळ चालवणारं यंत्र हवं असेल, तर ॲनबर्निक, रेट्रॉइड, मियू अशा चिनी कंपन्या दर काही महिन्यांनी नवं मॉडेल काढतात आणि स्वस्तातली मॉडेलं शंभर डॉलरच्या आत मिळतात. त्यांना मोहिमेची गरज नाही. म्हणून ‘जुने सगळे खेळ चालतात’ एवढाच दावा असलेल्या यंत्राने आता लोकांकडे पैसे मागू नयेत. प्लेडेटची कडी, आर्डुबॉयचं कार्ड, थंबीचा आकार यांसारखं काहीतरी हवं, ज्यासाठी लोक वेगळे पैसे मोजतील.

पाठवणीही महागली आहे. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतच्या पार्सलांवरची व्हॅटमाफी काढली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी आधी मे २०२५ मध्ये चीनमधून येणाऱ्या मालासाठी आणि मग २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांसाठी बंद केली. कारखान्यातून थेट बॅकरच्या दारात यंत्र पाठवण्याचं जुनं गणित यामुळे बिघडलं. मोहीम आज लागते आणि माल दीड वर्षाने निघतो. मधल्या काळात शुल्क बदललं तर तो खर्च किंमत आधीच घेऊन बसलेल्या बनवणाऱ्याच्या अंगावर येतो.

इथल्या माणसासाठी

पुण्या-मुंबईतल्या शौकिनाला कार्डाने परदेशी मोहिमेत पैसे भरता येतात, पण किमतीत सीमाशुल्क आणि आयजीएसटी आधीच धरावा. यंत्र बिघडलं तर लिथियम बॅटरीसकट ते परदेशात परत पाठवणं हा वेगळाच व्याप असतो; म्हणून अशा मोहिमेत हमी जवळपास नाहीच असं समजून चालावं.

इथे बसून यंत्र बनवणाऱ्याला किकस्टार्टरवर भारतातून मोहीम लावता येत नाही. मान्यताप्राप्त देशांच्या यादीत भारत नाही. देशातच आगाऊ पैसे घ्यायचे तर आणखी एक अडचण आहे. कंपनी कायद्याखालच्या २०१४ सालच्या ठेव नियमांनुसार, मालासाठी घेतलेला ॲडव्हान्स ३६५ दिवसांत मालापोटी वळता झाला नाही तर तो ठेव मानला जाऊ शकतो, आणि ठेवी घेण्याचे नियम कडक आहेत. वर पाहिलेल्या मोहिमांपैकी किती वर्षभरात पोचल्या असत्या, हे वाचकानेच ठरवावं. शिवाय व्हिडिओ गेमची यंत्रं २०१२ सालच्या आदेशापासून भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. तो खर्च हिशेबात धरावाच लागतो.

आपल्याकडच्या मध्यमवर्गाला आगाऊ पैशाचा धोका नवा नाही. अर्धवट इमारतीत फ्लॅट बुक करून वर्षानुवर्षं हप्ते आणि भाडं दोन्ही भरणारी कुटुंबं प्रत्येक शहरात आहेत. त्यावर २०१६ सालच्या रेरा कायद्याने उपाय केला तो असा: गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट व सीए यांनी काम किती झालं ते लिहून दिल्यावर त्याच प्रमाणात काढायचे. क्राउडफंडिंगमध्ये असं खातं नाही. मोहीम संपली की फी कापून सगळी रक्कम एकदम बनवणाऱ्याच्या हाती जाते. ते बंधन कुणी घालत नसेल, तर चांगल्या बनवणाऱ्याने ते स्वतःवर घालून घ्यावं: पैसा टप्प्याटप्प्याने कशावर जाणार हे आधी लिहावं आणि खर्च होईल तसं सांगत राहावं.

निवाडा

बनवणाऱ्याने मोहीम लावावी, पण पाच गोष्टी हातात असल्या तरच. कारखान्यातून निघेल तसाच नमुना, हाताने जुळवलेला नव्हे. पाचशे, हजार आणि तीन हजार नगांचे कारखान्याने दिलेले लेखी दर. तूट येणार नाही इतकं उद्दिष्ट. खेळांचे आणि नावाचे पक्के हक्क, किंवा लोकांना खेळ लिहायला खुलं केलेलं सॉफ्टवेअर. आणि मोहिमेबाहेरचा एवढा पैसा, की एक बॅच परत पाठवावी लागली तरी दार बंद होणार नाही. यातली एखादी गोष्ट कमी असेल तर ती आधी स्वतःच्या, भागीदाराच्या किंवा गुंतवणूकदाराच्या पैशाने मिळवावी. हे पाचही जमत असेल तर क्राउडफंडिंगइतकी चांगली सोय छोट्या यंत्राला दुसरी नाही; मागणी आधी कळते आणि पहिली बॅच विकलेलीच निघते.

शौकिनाने पैसे भरण्याआधी मोहिमेच्या पानावर दोन गोष्टी शोधाव्यात: यंत्र कोण, कुठल्या कारखान्यात बनवणार, आणि त्या माणसांनी याआधी कोणता माल पोचवला आहे. उत्तर मोघम असेल तर थांबावं. यंत्र खरंच आलं तर ते पुढे दुकानातही मिळेल, फार तर थोडं महाग. उत्तर पक्कं असेल तर खुशाल भरावेत, पण बुडाले तरी महिन्याचा हिशेब हलणार नाही एवढेच, आणि सांगितलेल्या तारखेत एक वर्ष मिळवून.